टाकीतले दोन जीव

साहेब, तुम्ही कुणी मेल्याशिवाय येत नाही.

हा आरोप आहे, टोमणा नाही. टोमणा मारायचा असता तर मी तुमचं नाव घेतलं असतं. आमच्या गल्लीत आठ-नऊ दिवसांनी नळाला पाणी येतं, ते पिवळं येतं आणि त्याला गटाराचा वास येतो, असे अकरा अर्ज तुमच्या टेबलावर गेले. अकरावा तर अंगठ्याचा होता. सगळ्यांवर आवकचा शिक्का बसला आणि शिक्क्याखाली सगळे अर्ज गाढ झोपले. मग बारावा अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तुमची जीप दारात उभी. मागं जेसीबी. जीपमध्ये आरोग्यखात्याच्या बाई.

तो बारावा अर्ज रामेश्वर सांडूंचा. त्यात काय लिहिलं होतं ते तुमच्या फायलीत आहे. तसं का लिहिलं होतं ते फायलीत नाही, म्हणून इथं सांगतो.

सांडू वैजापूरच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिल्याशिवाय त्यांना बायकोशीसुद्धा बोलता येत नाही, असं गल्ली म्हणते. ते खोटं आहे. संदर्भ ते देत नाहीत. त्यांची मुलगी तनुजा हैदराबादला नोकरीला गेली, तेव्हा जाताना बापाच्या गळ्यात एक काचेची टाकी घालून गेली. तीन फूट लांब, आत बारीक गवताचं कुरण, रुंद पानांची झाडं, एक वाकडं लाकूड आणि वीस मासे. साधी शोभेची वस्तू नव्हती ती. दोन वर्षं तनुजाच्या परीक्षांचे निकाल उलटे येत होते, तेव्हा पोरगी आईबापाशी बोलायची नाही, त्या टाकीसमोर जाऊन बसायची. म्हणून जाताना तिनं विचारलं, "बाबा, सांभाळाल ना? नक्की?"

"अगं, मी तालुका सांभाळलाय," सांडू म्हणाले.

तालुका तहसीलदारांनी सांभाळला होता. पण पोरगी परगावी निघाली की बाप असं बोलतात.

सांडूंनी टाकी जीव लावून सांभाळली आणि तिथंच घात झाला. अंधारात मासे घाबरतील म्हणून टाकीवरचा दिवा चोवीस तास चालू. घरी आलेल्या पाहुण्याला आग्रह करावा तसं दिवसातून चार वेळा खाणं. 'एवढंसं तर घेतलंय बिचाऱ्यांनी' म्हणत पाचव्यांदा. तिसऱ्या महिन्यात काचेवर हिरवी साय धरली. सांडू खूश झाले, त्यांना वाटलं झाडांनी जीव धरला. मग पानांवर हिरवे केस आले. मग लाकडाला दाढी आली. मग एक दिवस असा उजाडला, की टाकीत मासे आहेत हे फक्त आठवणीवर सांगता येत होतं.

जिना झाडायला पुतळाबाई येते. तिच्या घरची पूर्वी मेंढरं होती, आता नवरा कारभारी शेजारच्या बांधकामावर राखण करतो. ती केरसुणी टेकवून टाकीपाशी थांबली.

"भाऊसाहेब, दिवा मालवा की त्याचा. आन खायला लई घालता तुमी. मेंढरांच्या हौदाला आसंच व्हतं. वर झाप टाकला आन पेंड सांडायची थांबवली की शेवाळ जातं आपोआप."

"बाई," सांडू दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "हा हौद नाही. हे तंत्रज्ञान आहे."

"व्हय का," म्हणून ती खालच्या पायऱ्यांकडं गेली.

तंत्रज्ञानाचे खरे जाणकार मग येऊ लागले. पहिले आले तळमजल्यावरचे आप्पासाहेब. त्यांची कांद्याची शेती आहे, त्यामुळं जगातल्या कुठल्याही रोगावर त्यांच्याकडं फवारणी आहे. ते कागदाच्या पुडीत निळी खडी घेऊन आले.

"मोरचूद. चिमूटभर टाक सांडू. आम्ही विहिरीत टाकतो. चार दिवसात पाणी काचेसारखं."

"तुमच्या विहिरीत मासे आहेत का हो?" सांडूंच्या पत्नी करुणाबाईंनी विचारलं.

"होते," आप्पासाहेब म्हणाले.

पुडी परत गेली.

मग सांडू उस्मानपुऱ्यात गेले. तिथं प्रणयचं माशांचं दुकान आहे, तनुजानं टाकी तिथूनच घेतली होती. प्रणयनं मोबाइलवरचे फोटो बघून कपाळावर हात मारला.

"अंकल, टेन्शन नक्को. हा सकर मासा घेऊन जा. तोंड काचेला लावतो आणि सगळं शेवाळ चाटून खातो. दिवा आठ तासच ठेवा. आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदला."

"तू कुठला रे बाबा?"

"इथलाच की, अंकल."

"मग इथलं बोल. आठवड्याला पाणी येतच नाही, तर बदलू काय?"

सांडूंनी दिव्याचं ऐकलं नाही, पाण्याचं ऐकता येत नव्हतं, सकर तेवढा आणला. काळाकुट्ट, चपटा, पोटाशी तोंड. त्यानं टाकीत उतरून शेवाळाकडं एकदा बघितलं आणि जेवणाच्या पंगतीत नावडती भाजी टाळावी तसं त्याला वळसा घालून तनुजाच्या आवडत्या झाडाची कोवळी पानं खायला बसला. शेवाळ तसंच, झाड गेलं, वर सकरची घाण वाढली. करुणाबाई म्हणाल्या, "बरा जावई आणलात."

सगळ्यात अवघड रविवार. रविवारी तनुजाचा व्हिडिओ कॉल येतो आणि तिला आईबापाच्या आधी मासे बघायचे असतात. सांडू मोबाइल असा धरत, की टाकीवरचा दिवा आणि त्यांच्या नाकाचा शेंडा एवढंच दिसावं.

"बाबा, खाली करा ना जरा. मासे कुठंयत?"

"झोपलेत."

"दुपारी बारा वाजता?"

"रविवार आहे ना बाळा."

मग तनुजा म्हणाली, "मी पंधरा दिवसांनी येतेय. चार दिवस सुट्टी आहे."

ज्या बापानं पोरीच्या येण्याची रोज वाट बघावी, त्याला तिच्या येण्याचा घाम फुटला. त्याच आठवड्यात नळाला पाणी आलं. सांडूंनी ठरवलं, आता मागं हटायचं नाही. घरातले दोन पिंप, चार बादल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेला तांब्याचा हंडा, सगळं भरलं. करुणाबाईंच्या धुण्याचं पाणी माशांना गेलं आणि धुणं तुंबलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी नुसतं एवढं विचारलं, की पुढच्या पाळीला आंघोळ कुणाची, माझी की माशांची. सांडूंनी प्रश्न पटलावर ठेवून घेतला.

निम्मं पाणी बदललं होतं. आठवडाभरात टाकी आणखी हिरवी झाली. आणि एका सकाळी दोन मासे वर तरंगत होते. एक दिगंबर, एक गुंडी. तनुजानं विसाही माशांना नावं ठेवली होती. दिगंबर हे तिच्या मामाचं नाव, कारण मासाही मामासारखाच सदा तोंड उघडं ठेवायचा. सांडूंनी दोघांना चमच्यानं उचललं आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. पुरताना त्यांचे डोळे भरून आले, तर आपल्याला सर्दी झालीय असं ते बायकोला म्हणाले.

बाटलीत नळाचं पाणी घेऊन ते पुन्हा प्रणयकडं. प्रणयनं त्यात पाणी तपासायची कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग चढत चढत जिथं डबीवरचे रंग संपतात त्याच्याही पुढं गेला.

"अंकल," तो हळू आवाजात म्हणाला, "टाकीचं सोडा, तुमच्या नळातच खत येतंय. गटार मिक्स हो रहा कहीं तो भी. तुम्ही पाणी बदलू नका, गल्ली बदला."

हे ऐकून आप्पासाहेब म्हणाले, "खत? मग मला चार पिंप द्या, कांद्याला सोडतो." करुणाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "माशांनी आठवडाभर पिलं आणि मेले. आपण किती वर्षं पितोय?"

सांडू उठले. त्यांनी कपाटातून रेघांचा कागद काढला, खाली पुठ्ठा घेतला, पेन झटकलं. लोकांनी अर्जाची कशी माती करावी हे तीस वर्षं बघितलेला माणूस होता तो. आपला अर्ज नमुना म्हणून लावला जावा, एवढा त्यांचा पण होता. फक्त एका ठिकाणी पेन अडलं. 'मासे' हा शब्द. सरकारी कचेरीत माशांसाठी अर्ज? कारकून हसतील. एके काळी सांडूही हसले असते. मग त्यांनी तो शब्द गाळला आणि मजकूर असा झाला:

'विषय : टाकीतील शेवाळ व त्यामुळे झालेली जीवितहानी याबाबत. महोदय, अर्जदाराच्या राहत्या घरातील टाकीच्या पाण्यावर एकूण वीस जीव अवलंबून आहेत. नळाच्या दूषित पाण्याने पैकी दोन जीव दगावले असून उर्वरित अठरा अत्यवस्थ आहेत. सदर जीव अर्जदाराच्या हवाली करून परगावी गेलेली मुलगी लवकरच परत येत आहे. तिला काय तोंड दाखवावे हा प्रश्न आहे. तरी त्वरित कार्यवाही व्हावी.'

सकर त्यांनी मोजला नाही. तो भाडेकरू.

अर्ज देऊन दुसऱ्या दिवशी सांडू शेवटी प्रणयचं ऐकून दिव्याला लावायचा टायमर आणायला क्रांती चौकात गेले होते. परत आले तर गल्लीत ही गर्दी. कोपऱ्यावर जेसीबी रस्ता उकरतोय. आप्पासाहेब टोपी हातात घेऊन फाटकाशी उभे. त्यांनी सांडूंना छातीशी धरलं.

"सांडू, हिंमत धर. आम्हाला सांगायचं तरी. दोन-दोन मयत आणि शेजाऱ्याला पत्ता नाही?"

सांडू पायऱ्या धावत चढले. दार उघडं होतं. आत सोफ्यावर तुमचे धाकटे साहेब आणि आरोग्याच्या बाई. समोर करुणाबाई ताठ बसून विचारलं त्याचं खरं खरं उत्तर देत होत्या. साहेबांच्या मांडीवर छापील तक्ता होता आणि पेन चालू होतं. चालू पेनाच्या मध्ये बोलायचं नाही, ही सांडूंची तीस वर्षांची सवय. ते दारातच खिळले.

"पहिल्या मयताचं नाव?"

"दिगंबर."

"दिगंबर... रामेश्वर... सांडू. वय?"

"आठ महिने."

पेन थांबलं. आरोग्याच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. "अरेरे. आणि दुसरं?"

"गुंडी. तीही तेवढीच. दोघांना एकाच दिवशी आणलं होतं."

"आणलं म्हणजे? दत्तक?"

"छे हो. उस्मानपुऱ्यातून."

धाकट्या साहेबांनी घाम पुसला. "अंत्यविधी... कुठं केला?"

"गॅलरीत. मोगऱ्याच्या कुंडीत."

साहेबांच्या हातातला चहा तक्त्यावर सांडला. "एका कुंडीत? दोघं?"

"मावले की," करुणाबाई म्हणाल्या. "हे एवढेएवढे तर होते. बाकीचे अठरा आत आहेत, बघायचेत?"

आरोग्याच्या बाई उठून उभ्या राहिल्या, कारण त्या घरात दोन खोल्या होत्या आणि अठरा अत्यवस्थ माणसं ठेवायला त्यात कुठंच जागा नव्हती. करुणाबाईंनी हिरव्या काचेकडं बोट केलं. हिरवाईतून एक निळी रेघ चमकून गेली.

"मासे?" साहेब ओरडले. "मासे?"

सांडूंनी दारातून खाकरून सांगितलं, "मी जीव लिहिलं होतं, साहेब."

पुढं जे झालं त्यात सांडूंची काय अब्रू गेली ते मी सांगत नाही. जिन्यावर चाळीस माणसं होती, त्यांना विचारा. धाकटे साहेब तरातरा खाली उतरले आणि कोपऱ्यावर जाऊन हात हलवायला लागले. "बंद करा! बुजवा खड्डा! माशांसाठी जेसीबी आणला आम्ही!"

गर्दी हसत होती. सांडू खाली मान घालून मागं उभे होते. मुलीला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होताच, त्यात आता गल्लीची भर पडली. तेवढ्यात खड्ड्याच्या काठावरून आवाज आला.

"बुजवायच्या आदी बगा तरी सायेब. खंदलाच हाय तर."

पुतळाबाई केरसुणी काखेत मारून खड्ड्यात बघत होती. मग सगळ्यांनी बघितलं. पाण्याच्या पाइपला हात जाईल एवढी भेग, शेजारून फुटकं गटार, आणि लेकरू बाटली ओढतं तसं तो पाइप गटाराचं काळं पाणी शांतपणे ओढत होता. कुणी हसलं नाही. एवढ्या गर्दीत नुसता तो गुळगुळ आवाज.

"माझी नात, अक्षदा," पुतळाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "सात वर्साची हाय. चार म्हैने झाले, दर पंधरा दिवसाला पोट धरून बसती. साळा बुडती. मी अर्ज दिला व्हता, मास्तरांकडून लिवून. आंगठा हाय माझा त्याच्यावर. तवा नाय आले तुमी. ती मासा नाय म्हून नाय आले का?"

धाकट्या साहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अगदी दिगंबरसारखं. पण माणूस वाईट नव्हता, हे लिहिलं पाहिजे. त्यानं बाह्या वर केल्या, स्वतः खड्ड्यात उतरला, पाइप बदलून घेतला, गटार बांधून घेतलं आणि दिवस मावळायच्या आत चिखलानं भरलेले बूट घेऊन जीपमध्ये बसला. जाताना आप्पासाहेबांनी त्याला कांद्याची अख्खी गोणी दिली. तो नको नको म्हणत होता, पण आप्पासाहेबांच्या आग्रहापुढं मासेही टिकले नसते.

घरी आल्यावर करुणाबाईंनी सांडूंना चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "पुतळाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवा मालवा, खाणं कमी करा. तिचा अर्ज तुम्हीपण आवक करून ठेवलात की."

सांडूंना हे जेवढं लागलं, तेवढं चाळीस माणसांचं हसू लागलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ते खाली गेले. पुतळाबाई तांब्याभर पाण्यानं पाय धूत होती.

"बाई, चुकलं माझं. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही. आता काय करू ते सांगा, लिहून घेतो."

"लिवायचं काय त्याच्यात," ती हसली. "चला, दावते."

तिनं टाकीवर गोणपाट टाकलं. तीन दिवस दिवा नाही, खाणं नाही. "मरत नाय ती, घाबरू नका. मेंढरू बी दोन दिस ऱ्हातं." मग जुन्या टूथब्रशला गुंडाळून हिरवे केस उपटले, शेवया गुंडाळाव्यात तसे. प्रणयनं भराभर वाढणारं गवत पाठवलं आणि सकर परत नेला. दिवा टायमरवर, सहा तास. खाणं एकदा, चिमटीत मावेल तेवढं, तेही पुतळाबाई जिना झाडायला आली की तिच्या देखरेखीखाली. नव्या पाइपातून पहिलं पाणी आलं ते सांडूंनी ग्लासात धरून उजेडाकडं बघितलं. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. त्यांनी तारीख वाचली. तनुजा यायला चार दिवस होते.

ती आली तेव्हा शेवाळ पुरतं गेलं नव्हतं. लाकडावर थोडी दाढी होती. तनुजा बॅग न ठेवताच टाकीसमोर बसली, जुन्या सवयीनं मांडी घालून, आणि ओठांत मोजायला लागली. सांडू मागं उभे होते, सेवापुस्तक तपासायला दिल्यासारखे.

"अठरा. दिगंबर कुठंय? गुंडी?"

सांडूंनी विषय, संदर्भ काही न लावता सगळं सांगितलं. दिवा, खाणं, नाकाचा शेंडा, अर्ज, सगळं. ऐकताना ती रडली आणि 'मावले की'पाशी रडता रडता हसत सुटली. मग गॅलरीत गेली. मोगऱ्याच्या कुंडीत झेंडूची दोन फुलं ठेवलेली होती.

"ही कुणी ठेवली?"

"अक्षदानं," करुणाबाई म्हणाल्या. "शाळेत जाताना ठेवून जाते. पाइप बदलल्यापासून एक दिवस बुडाला नाही तिचा."

तनुजानं बापाचा हात धरला. "बाबा, मी हे मासे माझ्यासाठी पाळले होते. तुम्ही तर गल्लीसाठी पाळलेत."

सांडूंना पुन्हा सर्दी झाली.

त्यांनी तुम्हाला आभाराचं पत्र लिहिलं, साहेब, मनापासून. त्याची पोच आली नाही. तुमची नोटीस आली. 'खोटी माहिती देऊन यंत्रणेची दिशाभूल केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा सादर करावा.' सांडूंनी खुलासा लिहिला. या वेळी खाली दोन सह्या आहेत, एक त्यांची आणि एक अंगठा. मजकूर जसाच्या तसा देतो:

'साहेब, मी जीव लिहिलं होतं. माणूस लिहिलं नव्हतं. वाचणाऱ्यानं माणूस वाचलं आणि धावत आला, त्याबद्दल गल्ली त्याची ऋणी आहे. मीही तीस वर्षं शिक्के मारले. माझ्या शिक्क्याखाली कुणाचा अर्ज झोपून राहिला असेल, तर त्याची मी इथं माफी मागतो. हा झाला माझा खुलासा. आता तुमचा. बाराव्या अर्जातला दिगंबर आठ महिन्यांचा होता, मासा होता, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. अकराव्या अर्जातली अक्षदा सात वर्षांची आहे, आणि तुम्ही आला नाहीत. ती मेलेली नव्हती, एवढाच तिच्या अर्जातला दोष होता काय? सात दिवस आम्हालाही मोजता येतात. लेखी उत्तर द्या.'